मोहाखाली बंद पडणारा डंपर

माझा डंपर रोज एकाच जागी बंद पडायचा, आणि त्याच जागी माझी बायको कामावर असायची. झालं, लोकांना हसायला एवढं पुरे.

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. आता मी चुकीचं सांगितलं तरी मधेच टोकणारं कोणी राहिलं नाही, म्हणून जरा सांभाळून लिहितो. शिकलो चौथीपर्यंत, तेव्हा सजवता येत नाही.

भिलाईत तेव्हा कारखाना नव्हता, खड्डे होते. भट्टीच्या पायासाठी इतकं खोल खणलं होतं की वरून हाक मारली तर खालच्याला ऐकू जात नसे. गोंदियाकडच्या आमच्या गावात मी बैलगाडीपेक्षा मोठं काही हाकललं नव्हतं. इथं हाती रशियन डंपर आला. त्याचं चाक माझ्या छातीला लागे. सकाळी चालू केला की पायाखालची जमीन थरथरे, आणि मला खरं वाटत नसे की हे माझ्या हातानं होऊन राहिलं.

बायको रेजा होती. डोक्यावर घमेलं घेऊन माती वाहणाऱ्या बायांना इथं रेजा म्हणतात. खड्ड्यातून वर येणाऱ्या चढाच्या टोकाला मोहाचं झाड होतं, तिथं त्यांची टोळी मुरूम पसरवायची. दुपारच्या खेपेला माझा डंपर भरून वर आला की मोहाजवळ दम तोडायचा. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "इसका इंजन नहीं, मन बंद पड़ता है." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. बायको मात्र खाली मान घालून मुरूम ओढत राहायची.

फोरमन हसत नव्हता. त्याचं म्हणणं, हा मुद्दाम थांबवतो. कारण मेकॅनिक आला की डंपर लगेच चालू व्हायचा. मेकॅनिक टाकीचं झाकण उघडे, काडी बुडवून डिझेल आहे का पाहे, आणि म्हणे, मार. मी स्टार्टर मारला की इंजिन सुरू. फिल्टर बदलला, पंप खोलला, नळ्या फुंकल्या, तरी दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी फोरमननं सांगून टाकलं, "कल फिर वहीं खड़ा हुआ तो स्टेअरिंग छोड़, घमेला उठा."

घमेल्याची मला लाज नव्हती. घरची बाई उचलतच होती. पण त्या उंच सीटवरून कायमचं उतरायला मन तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डंपर पुन्हा मोहाखाली थांबला.

फोरमननं रशियन मिस्त्रीला बोलावून आणलं, माझी लबाडी त्याच्यासमोर उघडी पाडायला. हा मिस्त्री उंच, उन्हानं लाल झालेला माणूस. कुठलीही गाडी बिघडली की तो आधी "पचिमू?" म्हणायचा. सुरुवातीला आम्हाला वाटलं पचिमू म्हणजे एखादा पाना. आम्ही एकेक पाना त्याच्या हातात देत राहिलो, मग हातोडी दिली, शेवटी फडकं. तो डोक्याला हात लावून बसला. मग त्याच्यासोबतचा दुभाषा म्हणाला, अरे, वो पूछ रहा है, क्यों? मी म्हटलं, म्हणजे आमचं कावून. मिस्त्रीला तो शब्द इतका आवडला की तेव्हापासून तो कावूनच म्हणू लागला, आणि आम्ही त्याला कावूनसाहेब.

मोहाखाली आल्याबरोबर आमच्या मेकॅनिकनं सवयीनं टाकीच्या झाकणाला हात घातला. कावूनसाहेबानं त्याचं मनगट धरलं. कोणीच काही खोलायचं नाही म्हणाला. आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुभाष्याकडून मला विचारू लागला. एकदम बंद पडला की हळूहळू? मी म्हटलं, हळूहळू, दिव्यातलं तेल सरावं तसा. त्यानं मान डोलावली. म्हणजे इंजिन डिझेल मागतं आणि त्याला मिळत नाही. त्यानं पंपापाशी येणारी नळी सैल केली. कोरडी. म्हणजे पंप चांगला, इंजिन चांगलं, दोष मागे. अर्धा डंपर त्यानं एका पान्यात बाजूला काढला. मी पाहतच राहिलो.

मग विचारलं, हा पुन्हा चालू कसा होतो?

मेकॅनिक म्हणाला, आपोआप.

"कावून?"

मेकॅनिकनं खांदे उडवले. तेव्हा साहेब वळला आणि मोहाखाली बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खात बसलेल्या बायांना त्यानं तेच विचारलं. तुम्ही रोज पाहता, काय दिसतं? फोरमन हसला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माझी बायको हात पुसत उठली, डोक्यावर पदर घेतला, पण बोलली माझ्याकडे पाहून.

"झाकन उघडते, मंगच चालू होते. उघडताना स्सू करते. गरम गंजावर झाकन ठेवलं, थंडं झालं का चिपकते ना, तसंच."

गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं, ते दुभाष्याला समजेना. मी हिंदीत सांगितलं, त्यानं रशियनमध्ये. साहेबानं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि झाकण हळूच फिरवलं. टाकीनं आत लांब श्वास ओढला. सगळ्यांनी ऐकला. आणि तिकडे त्या सैल, कोरड्या नळीतून डिझेलची धार मातीवर पडू लागली.

झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, ते मुरुमाच्या धुळीनं बुजलं होतं. डिझेल बाहेर जायचं तर तितकी हवा आत यावी लागते. ती नाही आली तर टाकी डिझेल सोडत नाही. सकाळपासून डिझेल सरत जाऊन दुपारपर्यंत टाकी चिपकून बसे, आणि भरल्या गाडीला चढावर डिझेल जास्त लागे, म्हणून ती मोहाजवळच थांबे. आणि मेकॅनिक रोज पहिल्यांदा झाकणच उघडे, म्हणजे दोष पाहायच्या आधी दोष घालवून टाके. साहेबानं तारेनं भोक मोकळं केलं, तरी सोडलं नाही. बुजलं कावून? मग झाकणावर बारीक जाळी बसवायला लावली.

मी त्या भोकाकडे पाहत उभा राहिलो. एवढं लोखंड, आणि एका श्वासासाठी अडलं होतं. देवळात गेल्यावर वाटावं तसं मला वाटलं. तसं पुढं भट्टी पेटली तेव्हाही वाटलं नाही.

संध्याकाळी कॅम्पात मी बायकोवर चिडलो. तुला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं?

"तुमी कवा इचारलं?" ती म्हणाली. चुलीवरून नजरही वर केली नाही.

स्टेअरिंग माझ्याकडेच राहिलं. दुसऱ्या दिवशी डंपर चढ चढून मोहाजवळून सरळ निघून गेला. बायको घमेलं खाली ठेवून उभी राहिली होती, गाडी थांबेल म्हणून. मागे दुसरा डंपर होता, मला थांबता आलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "दुरुस्त केला त केला. थोडासाक बिघडलेला ठेवाचा होता बाप्पा."

चढ संपला की गिअर बदलावाच लागे. त्यानंतर मी तो मोहाजवळ आल्यावर बदलू लागलो. गाडी जराशी हळू होई, आणि ती मान वर करून पाही.