शुभांगीच्या पाठवणीचं इंग्लिश गाणं

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर नाकातून बाहेर येईल. मी घातलेला असला घोळ तुमच्या सात पिढ्यांत कुणी घातला नसेल!

पनवेलला तेव्हा केबल नवीन होती. इंग्लिश गाण्यांच्या चॅनलवर एक संथ गाणं सारखं लागायचं. शब्द मला एक कळेल तर शपथ! पण व्हिडिओ बघून डोळे भरून यायचे. चर्च, घंटा, पांढऱ्या झग्यातली हसरी पोरगी, ढसाढसा रडणारा बाप, आणि शेवटी पांढऱ्या फुलांनी भरलेली लांबलचक काळी गाडी. ती हळूहळू निघते, मागून सगळे रुमाल काढून चालतात. आता तुम्हीच सांगा, याला आपल्याकडे काय म्हणतात? पाठवणी!

मी लगेच कॅसेट आणली. माझ्या चुलत बहिणीचं, शुभांगीचं लग्न तोंडावर आलं होतं ना! नवरा गव्हाणचा. आणि खरं सांगतो, माझा जीव अडकला होता नवऱ्याच्या चुलत बहिणीत. वैशाली. इंग्लिश शाळेत शिकवायची. आमचं दोघांचं जमवायची बोलणी त्याच मांडवात व्हायची होती. छाप पाडायला एवढा एकच दिवस!

मग काय, अंगातच आलं माझ्या. गाडी काळीच हवी. झेंडू अजिबात नको, सगळी पांढरी फुलं.

काका म्हणाले, "अरे, शुभकार्याला काळी गाडी?"

"फॉरेनला असंच असतं काका. तुम्ही फक्त बघत राहा!"

पाठवणीची वेळ झाली. मी स्पीकरवर कॅसेट लावली. ड्रायव्हरला म्हटलं, "एकदम हळू ने." वऱ्हाडाला गाडीमागून मान खाली घालून चालायला लावलं. बायका अशा रडायला लागल्या म्हणता! मी खूश.

तेवढ्यात वैशाली जवळ आली. "हे गाणं तुम्ही निवडलंत?"

"मग!" मी कॉलर ताठ केली. "बाप मुलीला निरोप देतोय. फार टचिंग आहे."

"निरोपच देतोय. ती वारलीये."

"कोण?"

"मुलगी. लग्नाच्या आदल्या दिवशी."

"मग... ती फुलांची गाडी?"

"कबरस्तानात चाललीये."

मी समोर बघितलं. काळी गाडी. पांढरी फुलं. आत शुभांगी धाय मोकलून रडतेय.

धावत जाऊन टेप बंद केला, तर वैशालीचे वडील समोर उभे. जन्मभर जहाजावर नोकरी केलेला माणूस. त्यांना गाण्याचा शब्द न् शब्द कळला होता.

"आमी नवरी न्यायला आलोय का मयताला? मुद्दाम केलंस ना रं? आमच्या पोराचं वाईट चिंततोस?"

काकांनी हात जोडले. मला वाटलं, बहिणीचा संसार सुरू व्हायच्या आधी मोडला, आणि आपला तर आता होतच नाही.

वैशालीच पुढे झाली. "बाबा, त्यांनी मुद्दाम नाही केलं. त्यांना खरंच काही कळत नाही."

वडिलांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आणि त्यांना ते पटलं हो! लगेच! "ह्ये मात्र खरं हाय," म्हणाले आणि शांत झाले.

काही दिवसांनी गव्हाणहून चक्क होकार आला. लग्नानंतर मी लाडात येऊन विचारलं, "काय गं, तू माझ्यात असं बघितलंस तरी काय?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली, "सगळ्या वऱ्हाडासमोर."