स्पोर्ट्स कारला टेंपोचे पाटे

आमच्या गाडीत दोनच माणसं बसतात. हे ऐकलं की कर्जतमधला कुठलाही माणूस आधी हसतो. एवढं लांब नाक, एवढा आवाज आणि माणसं दोन? "मागं काय मग?" हे हमखास विचारलं जातं. मागे काही नाही. सीटांच्या पाठीशी एक छत्री मावेल एवढी फट, आणि तिच्यामागे डिकी. छत कापडाचं, ते दुमडून ठेवता येतं. जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आहे ती, वयानं माझ्याहून थोडीच लहान. तालुक्यात तशी दुसरी नाही. असली तर दाखवा, मी चहा पाजतो.

मी नोकरी केली ती रसायनीच्या एका कारखान्यात, मेंटेनन्समध्ये. पंपावर तळहात ठेवला की बेअरिंगचं काय चाललंय ते मला कळायचं, आणि माझं सहसा चुकायचं नाही. निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीचे लोक देवाधर्माला लागले, मी ही गाडी घेतली. खालापूरकडच्या एका भाताच्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये ती उभी होती. त्याला ती कुणा फार्महाऊसवाल्याकडून मिळालेली. गाडी दाखवताना त्यानं बॉनेट उघडलं नाही की इंजिनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मागच्या बाजूवर थाप मारून म्हणाला, "भाऊ, गोणी टाका हिच्यात, हूं की चूं नाय करणार." खरं सांगायचं तर मलाही ते ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे गाडी चांगली म्हणजे ओझ्याला चांगली. बाकीचं नंतर.

ही गाडी मी एकट्यासाठी घेतली नव्हती. एकट्यानंच फिरायचं तर मोटरसायकल होती की. डावीकडची सीट बायकोची. रविवारी संध्याकाळी ती केस बांधून, साडीचा पदर खोचून तिथे बसायची आणि आम्ही भिवपुरीकडे निघायचो. वीजकेंद्राच्या बाजूला झाडी आहे, तिथे थांबायचं, डब्यातलं काहीतरी खायचं आणि परत यायचं. वाटेत धक्के बसायचे, पण जुनी गाडी म्हणजे बसणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. धक्का बसला की ती डॅशबोर्ड धरून मला शिव्या द्यायची. मला त्या शिव्याही आवडायच्या.

मग तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगीही दिली, फक्त धक्के सांभाळा म्हणाले. पहिल्याच रविवारी मी गाडी पुसून दारात लावली. आम्ही भिसेगावच्या वळणापर्यंत गेलो असू. दोन गतिरोधक लागले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "थांबवा," म्हणाली. उतरली आणि रिक्षानं घरी गेली. मी मागून पोचलो तर पलंगावर आडवी झाली होती. रागावली नव्हती. शांतपणे म्हणाली, "गाडी चांगलीच हाय हो तुमची. माझी नाय राहिली आता, एवढंच."

ते वाक्य मला लागलं. मी ठरवून टाकलं, एकतर ती या गाडीत परत बसेल नाहीतर मी गाडी विकेन. रिकाम्या सीटशेजारी बसून गावभर मिरवण्यात मला काडीचा रस नव्हता.

सुरुवात सीटपासून केली. गादीवाल्याकडून चांगली जाड गादी शिवून आणली. तिच्यावर मी स्वतः बसून बघितलं तर डोकं समोरच्या काचेच्या वर आणि वारा थेट नाकात. शेजारणीनं विचारलं, "भाऊजी, वरातीला निघालात का?" गादी पलंगावर गेली. मग चाकांकडे वळलो. आमचा पंक्चरवाला सगळ्यांच्या चाकात एकसारखी हवा भरतो, वाळूचा डंपर असो की नवरीची गाडी. ती कमी केली, थोडा फरक पडला. झिजलेले रबरी बुश बदलले, आणखी थोडा फरक पडला. शॉकअब्सॉर्बर नवे टाकले तर गाडी आधीपेक्षा ताठ झाली. माझं डोकं फिरलं. बाकीच्यांचे सल्ले होतेच. कुणी म्हणालं इंजिन बदला, कुणी म्हणालं बायकोला पट्टा बांधा. या दुसऱ्या माणसाशी मी अजून बोलत नाही.

असं करता करता भातकापणी झाली, झोडणी झाली, तांदूळ गिरणीतून आला. आमच्या घरी नवा तांदूळ आधी बहिणीकडे जातो, मग आमच्या चुलीवर चढतो. वडिलांनी आत्याकडे पोचवला, मी बहिणीकडे पोचवतो. तिचं सासर खालापूरच्या बाजूला. नेहमीचा टेंपोवाला कुणाच्या लग्नाचं सामान घेऊन गेला होता आणि बायको म्हणाली, आजच गेला पाहिजे. मी गाडी काढली. डिकीत दोन गोण्या कोंबल्या, झाकण दोरीनं बांधलं, तिसरी गोणी बायकोच्या सीटवर बसवली आणि तिला पट्टा लावला. बायको दारात उभी राहून बघत होती. हसली नाही.

चौक गावाकडच्या रस्त्याला खड्ड्यांचा एक पट्टा आहे, ज्याला माझी पाठ नावानं ओळखते. तिथे मी दात आवळून धरले. काहीच झालं नाही. गाडी खाली गेली, वर आली, पुढे निघाली. मला वाटलं, चुकून बऱ्या बाजूनं आलो. पुढच्या गतिरोधकावर मुद्दाम जरा वेगानं घातली. पुन्हा तेच. ती दाणकन आदळणारी, कंबरेत कळ काढणारी गाडी पाळण्यासारखी चालली होती. मी इतका खूश झालो की मोठ्यानं गायला लागलो, आणि माझा आवाज गाण्याचा नाही.

बहिणीनं दारातच धरलं. "वयनीच्या जागी गोणी बसवलीस रं? लाज नाय वाटत?"

"गोणीला इचार, कसा परवास झाला," मी म्हणालो.

तिला काही कळलं नाही. गोण्या उतरल्या, जेवण झालं, मी निघालो. त्याच पट्ट्यावर आलो आणि गाडीनं मला सीटवरून उडवलं. मी तिथेच कडेला थांबलो. तीच गाडी, तोच रस्ता, चाकांत तीच हवा. फक्त ओझं नव्हतं. मग एकट्यालाच हसू फुटलं. व्यापारी खोटं बोलला नव्हता. गोणी टाका म्हणाला होता, ते अक्षरशः खरं होतं. गोणी टाकल्याशिवाय या गाडीत माणसानं बसायचंच नव्हतं.

भिसेगावात माझा एक मित्र गॅरेज चालवतो. त्याच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं एकच काम सांगतात, पाटे चढवा. टेंपोच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची एकावर एक थप्पी असते, ते हे पाटे. थप्पीत आणखी दोन पट्ट्या घातल्या की टेंपो जास्त माल उचलतो, पोट रस्त्याला घासत नाही आणि मालक मिशीवर ताव मारतो. रिकामा असला की मात्र तोच टेंपो ताठ राहतो आणि खड्ड्याखड्ड्यावर उडतो. आमच्या गाडीलाही मागे तसेच पाटे आहेत. मी जाऊन सांगितलं, "काढायचेत."

"काय?"

"पाटं. जास्तीचं हायत ते काढ."

"येडा झालास का रं? लोकं चढवायला येतात. तू काढायला आलास?" त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "उद्या ब्रेकरला पोट घासलं तर माझं नाव सांगशील गावात."

"नाय सांगणार. माझं सांगेन."

बराच वेळ आमची जुंपली. शेवटी त्यानं जॅक लावला, तोही मला खोटं पाडायला. थप्पी सुटी करून जमिनीवर मांडली आणि आम्ही दोघंही वाकून बघायला लागलो. वरच्या पट्ट्या सडपातळ, टोकाकडे निमुळत्या, गाडीच्या मूळच्या. आणि त्यांच्याखाली दोन जाडजूड, काळ्या, टोकाला सरळ कापलेल्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मित्रानं एक उचलून हातात तोलली. "टेंपोचंच हाय हे," तो म्हणाला. मग त्यानं थोडा वेळ व्यापाऱ्याच्या कारागिराचं कौतुक केलं, कारण काम पक्कं होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी शेतकऱ्याच्याच घरातला. रिकामी डिकी बघून माझ्याही मनात आधी गोणीच आली असती.

जास्तीच्या पट्ट्या निघाल्या. उरलेल्यांचा गंज घासून मध्ये ग्रीस भरलं. गाडी मागून चांगलीच खाली बसली आणि सायलेन्सर खरंच घासायला लागला. मित्राला आनंद झाला. मी तो आनंद फार टिकू दिला नाही, सायलेन्सरच उचलून वर बांधायला लावला. मग खड्ड्यांच्या पट्ट्यावर एकटा चार वेळा जाऊन आलो. काम झालं होतं. मला खात्री होती. मशिनच्या बाबतीत मला खात्री वाटली की ती खरीच ठरते.

बायकोच्या बाबतीत मात्र तसं काही नव्हतं. मी रविवारी गाडी दारात लावली. ती बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली. "गोणी कुठं हाय?" म्हणाली. मग दार उघडून आधी बाहेर पाय ठेवूनच सीटवर टेकली, दवाखान्यात शिकवलं होतं तसं, आणि दोन्ही पाय एकदम आत घेतले.

मी निघालो. कधी चालवली नव्हती इतकी हळू चालवली. खड्डा दिसला की आधीच वेग कमी करायचो, दगड दिसला की वळसा. भिसेगावचं वळण गेलं. दोन्ही गतिरोधक गेले. तिच्याकडे बघायची माझी छाती नव्हती. चौककडच्या रस्त्याला लागलो. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली आणि आम्हाला मागे टाकून निघून गेला.

"थांबवा," ती म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. "दुखतंय?"

"नाय दुखत." तिचे डोळे भरले होते आणि आवाज चिडलेला होता. "वरीस झालं. जो तो मला सांगतो, हळू बस, हळू ऊठ, हळू चाल. डॉक्टर सांगतो, पोरं सांगतात, शेजारीण सांगते. आता गाडीबी तशीच चालवताय. मी काय काचेची हाय का वो?"

सायकलवाला दूर वळणावर पोचला होता.

"तो बघा कुठं गेला," ती म्हणाली. "गाठा त्याला."

मी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. खड्ड्यांचा पट्टा समोर आला तेव्हा माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"चौथा," ती म्हणाली.

मी चौथा टाकला.