संशय माळ्यावर

रहस्यपट पाहताना ज्याला भीती न वाटता राग येतो असा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असेल, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. महाल भागातल्या एका शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवत. एक जुना कृष्णधवल रहस्यपट त्यांच्या डोक्यात असा काही बसला होता की, तो बर्डीवरच्या थेटरात मॅटिनीला लागला रे लागला की यांची सायकल आपोआप तिकडे वळे. गोष्ट साधीच होती. हवेलीत जमीनदाराचा खून होतो, पोलीस माळ्याला धरतात, सारं गाव गप्प बसतं, आणि शेवटी खुनी निघतो जमीनदाराचा दानशूर भाऊ. लोक जीव मुठीत धरून पाहत, आणि साडू सुरुवातीलाच शेजाऱ्याला खुन्याचं नाव सांगून मोकळे होत. एकदा एका गृहस्थाने चिडून त्यांची कॉलर धरली, तर ती सोडवत हे शांतपणे म्हणाले, "खून कोणं केला ते काय पाहून राहिले भाऊ? संशय पहिले कोणावर घेतला ते पाहा. सारं राजकारण तिथंच आहे." न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही त्यांचा माळी निघे. मनापासून ऐकणारी एकटी त्यांची मुलगी, कुसुम. गाव गप्प बसलं यात भीती किती आणि मतलब किती, यावर बापलेक सिनेमाहून घरी येईपर्यंत भांडत.

या माळ्यापायीच कुसुमची आधीची स्थळं फिरली होती. मुलाच्या बापाला शेतीबिती विचारायची सोडून हे वर्गव्यवस्था समजावत बसत. त्यामुळे कुही गावाकडचा एक फौजदार मुलगा पाहायला आला आणि कुसुमलाही तो मनापासून आवडला, तेव्हा माझ्या मेव्हणीने नवऱ्याला तंबी दिली, "आज माळ्याचं नाव काढलं तं पाहा. पोरीचं वाटोळं होईल." साडूंनी देवासमोर हात जोडून कबूल केलं. पोहे झाले, आणि मुलाच्या आईने सुचवलं की सारेच मिळून सिनेमाला जाऊ, म्हणजे पोरंही थोडं बोलतील. बर्डीवर पोचलो तर सगळीकडे हाउसफुल्ल. तिकिटं मिळाली ती नेमकी त्या माळ्याची.

साडू तोंडाला रुमाल लावून बसले. पडद्यावरच्या फौजदाराने माळ्याच्या थोबाडीत दिली तेव्हा त्यांनी माझा गुडघा असा दाबला की मी कळवळलो, पण शब्द काही फुटला नाही. बाहेर आल्यावर मुलानेच विषय काढला. "काकाजी, तुम्ही तं काहीच बोलले नाही. आवडला नाही काय?"

मेव्हणीने डोळे वटारले. साडूंनी रुमाल पुन्हा तोंडाशी नेला, पण माणूस शेवटी माणूसच.

"एकच सांगा साहेब. पहिले माळ्यालेच काहून धरलं?"

कुसुमचा चेहरा उतरला. मुलगा पायरीवरच त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "धरायले सोपा होता म्हणून. मलेही वरून असंच सांगतात, काकाजी. मी मोठ्या घरीही विचारायले जातो, म्हणून तं माझी बदली होत राहते."

"घरीही हेच बोलत राहते हा," त्याची आई मेव्हणीला म्हणाली. "तुमच्या पोरीले चालंल नं?"

कुसुम हसली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मेव्हणी तर तिथेच पायरीवर बसली आणि डोळे पुसू लागली. त्याच हिवाळ्यात लग्न झालं, जावयाची लगेच बदली झाली, आणि कुसुम दूर चांद्याकडे गेली.

पुढे तो सिनेमा पुन्हा लागला तेव्हा साडूंसोबत मी गेलो. शेजाऱ्याला त्यांनी खुनी सांगितला नाही, भुईमुगाचे फल्लीदाणे नुसते हातात धरून बसले. माळ्याला बेड्या पडल्या तशी त्यांनी मला कोपर मारलं आणि म्हणाले, "पाह्य वं कुसुम, गाव कसं गप्प आहे."

मीही गप्प बसलो. कुसुमसारखं भांडायला मला येतच नव्हतं.