उसवलेली बाही
गरम इस्त्रीखाली ओलसर रेशमाचा वास आला, की मला माझ्या लग्नाची सकाळ आठवते. तेलगावात आमच्या दारात मांडव घातला होता, वऱ्हाड येऊन टेकलं होतं आणि माझ्या ब्लाऊजची बाही दंडावरून वर सरकेना. आई म्हणाली, “शेजारच्याला बोलवा.” शेजारचा मुंबईत नट्यांचे पोशाख ठरवायचा, टीव्हीवर झळकायचा. एका समारंभात नटीचा झगा स्टेजवरच उसवला, सगळा दोष त्याच्यावर आला, कामं तुटली आणि तो गावी येऊन घरात बसला होता. मामा कुरकुरला, “त्याला कावून बोलवायचं? लोक हसतील.” “हसू द्या,” आई म्हणाली. तो आला. बाही उसवून, साडीच्या आतल्या टोकाचं रेशमी कापड कापून त्यानं तिला जोड दिला आणि पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवली. प्रत्येक टाका त्यानं दोनदा ओढून बघितला. “ताई, हात वर करा. काचतंय का?” “न्हाई,” मी म्हणाले, तसा तो भिंतीला टेकून खालीच बसला. त्याच्यामुळं मी निवांत मनानं बोहल्यावर चढले. मांडवातल्या बायकांनी बाही कुणी शिवली ते विचारलं आणि त्याला कामं मिळू लागली. आता धारूरच्या बाजारात त्याचं दुकान आहे, लांब तलवाड्याहूनसुद्धा नवऱ्या येतात. मी गेले, की खुर्ची पुढं सरकवून तो त्यांना सांगतो, “ह्या माझ्या पहिल्या गिऱ्हाईक.”