मामाजींनी लावलेलं तेल

मामाजी कोणतंही तेल आधी दोन बोटांत चोळत, मग हुंगत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात सगळी नोकरी त्यांनी हायड्रॉलिक मशीनची गळती थांबवण्यात घातली. निवृत्त झाल्यावर बोरसीहून स्कूटरवर माझ्या जुनवानीच्या गॅरेजात येत. मी हायब्रिड गाड्यांची कामं घेतो. त्यातली सील, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, बसवण्याची सगळी कामं त्यांचीच.

"कोरडं रबर बसवू नये," ते म्हणत. "चिरते, मंग गळते." म्हणून प्रत्येक सीलला तेलाचं बोट लावत. काम झालं की सांध्यावर कोरा कागद दाबून धरत. डाग दिसला की सगळं पुन्हा उघडायचं. गिऱ्हाइकानं घाई केली तर म्हणत, "ब्रेकचं काम आहे, भाऊ. चहा घ्या."

एका शिक्षिकेच्या गाडीला ब्रेकचं नवं सील त्यांनीच बसवलं. कागद कोरा निघाला. काही आठवड्यांनी भिलाई-३ वस्तीत, बाईंच्या घराच्या वळणावर, पेडल एकदम खाली गेलं आणि गाडी फाटकावर आदळली. हायब्रिडमध्ये विजेची मोटरही वेग कमी करते, म्हणून ब्रेक नरम झालेला बाईंना आधी जाणवलाच नव्हता. कोणाला लागलं नाही. पण सोबत त्यांची लहान मुलगी होती.

बाईंसमोरच ब्रेक उघडला. सील फुगून मऊ पडलं होतं. कारखान्याच्या सवयीनं मामाजींनी मशीनचं तेल लावलं होतं, आणि ब्रेकच्या रबराला ते चालत नाही. मी म्हणालो, "माल खराब निघाला असेल."

"माल चांगला होता, बाई," मामाजी म्हणाले. "मीच चुकीचं तेल लावलं."

बाईंनी मुलीला जवळ ओढून घेतलं. ते पाहून मामाजी हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मी बोरसीला गेलो, तर म्हणाले, "मले माह्या हाताचा भरोसा नाही राहिला. त्या पोरीचं तोंड दिसून राहिलं." गॅरेजात कोणी विचारलं की मी सांगायचो, मामाजींचे गुडघे दुखतात.

पुढे ते लेकीकडे नागपूरला राहायला निघाले. दुर्ग स्टेशनवर खिडकीतून म्हणाले, "गुडघ्याचं कायले सांगून राहिला? खरं सांगत जा. दुसऱ्याच्या हातून तरी अशी चूक होणार नाही."

नागपूरलाच ते वारले. गॅरेजात नवा माणूस आला की त्याच्या हाती सील देण्याआधी मी हे सगळं सांगतो, मामाजींचं नाव घेऊन. मामाजींच्या नावाला चूक जोडताना मला त्याच्याकडे बघवत नाही.