दादाचा उजवा कान

माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, डावा कान मोडलेला आहे. कोल्हापुरात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुस्तीत कान घासून घासून सुजतो, आत रक्त साकळतं आणि मग तो आक्रसून कडक होतो. असा कान दिसला की एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो, "पावणं, कुठल्या तालमीचं?" दादानं कुस्ती सोडल्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी रोज पहाटे तो पेठेतल्या तालमीत जातो आणि हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीच्या, कडेला उभा राहून पोरांवर ओरडतो. यालाच तो शिकवणं म्हणतो.

मी कधी लंगोट बांधला नाही. आम्ही दोघं भाऊ एकाच घरात राहतो, तो खाली, मी वर. त्यामुळं त्याच्या घरातलं दुखणं मला आपोआप कळतं.

मागच्या थंडीत त्याचं मनगट सुजलं आणि आठवडाभर तो घरीच होता. त्याच आठवड्यात एका सकाळी उजवा कान लालबुंद होऊन फुगला. उशीला टेकवता येईना. वहिनींनी आंबेहळद उगाळून सगळ्या कानाला जाड लेप दिला. आमच्याकडं कुठल्याही सुजेला पहिलं औषध तेच. दादा मात्र खूश दिसला.

"आता जोडी जुळली बघ," आरशात बघत तो म्हणाला.

"जोडी कसली? बैल हाय का तुमी?" वहिनी म्हणाल्या.

कान आपोआप उतरला. दादा तालमीत गेला आणि तिथं त्यानं सांगितलं की एका पोराला पेच दाखवताना त्याचं डोकं कानावर बसलं. सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात घरी झोपून उठताना कान पुन्हा सुजला, यावेळी गुडघ्यासकट. पुन्हा लेप. जवळच्या डॉक्टरांनी लेपाच्या वरूनच पाहिलं आणि हसून म्हणाले, "पैलवान माणसाला काय होतंय?" त्यांनी सुजेच्या गोळ्या दिल्या. मग आवाज बसला. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. रोज पहाटे एवढं ओरडल्यावर आवाज बसणारच.

गुडघा काही उतरेना, म्हणून मी त्याला सांध्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. चाळिशीच्या बाई, याच भागातल्या. दादाकडं बघून त्यांचाही पहिला प्रश्न तोच.

"काका, पैलवानकी केलीय वाटतं?"

"केलीय म्हंजे? अजून चालूच हाय की." दादानं पिवळा कान पुढं केला. "परवाच एका पोरानं पेच टाकला, डोस्कं बसलं."

बाई ते लिहून घेऊ लागल्या. मला राहवेना. चुकीची माहिती कागदावर उतरताना मला बघवत नाही.

"दादा, पहिल्यांदा कान सुजला तेव्हा तू तालमीत गेलाच नव्हतास. मनगट धरून घरात बसला होतास."

"तू गप रं!"

"डावा कान कुस्तीत मोडला, हे खरं," मी बाईंना म्हणालो. "उजव्याला काहीच लागलेलं नाही. दोन्ही वेळा तो घरात बसल्या बसल्या सुजलाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि दादाला बेसिनकडं पाठवलं. "आधी ती हळद धुऊन या."

लेप निघाल्यावर त्यांनी मलाही जवळ बोलावलं. कानाचा वरचा सगळा भाग जांभळट लाल होता. खालची पाळी मात्र अगदी नेहमीसारखी, जणू कुणी मध्ये रेघ मारली होती. त्यांनी पाळी दाबली. "दुखतंय?" "न्हाय." वर नुसतं बोट लावलं तर दादानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पाळीत कूर्चा नसते," बाई म्हणाल्या. "कूर्चा म्हणजे मऊ हाड. कानाच्या वरच्या भागात असते, नाकात असते, श्वासनलिकेत असते." कान चिघळला असता तर पाळीही सुजली असती. त्यांना शंका होती ती फार क्वचित दिसणाऱ्या आजाराची, ज्यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच कूर्चेवर उलटते. नाव रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस. दादानं ते दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं.

मी विचारलं, हे पक्कं कसं ठरवायचं? बाईंनी सांगितलं की जुन्या निकषांत सहा गोष्टी आहेत: दोन्ही कान, सांधे, नाक, डोळे, श्वासमार्ग आणि आतला कान. सहापैकी तीन जमल्या की आजार त्या नावाखाली बसतो. मी लगेच मोजायला लागलो. सांधे, एक. कान? उजवा नक्की. डाव्यावर त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. "हा आधीच मोडलेला. आत्ता आजारानं काही झालंय का, हे मला सांगता येत नाही. मोजायचा की नाही, ते नंतर ठरवू." नाक, डोळे आणि ऐकणं ठीक होतं. राहिला तो बसलेला आवाज. श्वासनलिकेलाच सूज असेल तर ती पुढं आकसू शकते आणि श्वास अडकू शकतो. त्यासाठी स्कॅन सांगितला.

घरी येताना रिक्षात मी बोटांवर मोजत होतो. आयुष्यभर मला बेरीज पुरी व्हावी असंच वाटत आलंय. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ती अपुरी राहू दे.

"सारखं काय मोजतोयस?" दादानं घोगऱ्या आवाजात विचारलं. "मी काय परीक्षेला बसलोय?"

स्कॅनमध्ये श्वासनलिका स्वच्छ निघाली. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की आवाजाच्या पट्ट्या नुसत्या ओरडून सुजल्या आहेत. सगळ्या दुखण्यात तालमीचं म्हणावं असं तेवढंच निघालं. वहिनी देवापुढं साखर ठेवायला उठल्या.

मी बाईंकडं जाऊन म्हणालो, "मग तीन काही होत नाहीत."

"निकष मुख्यतः अभ्यासासाठी असतात, सारखे रुग्ण एका ठिकाणी गोळा करायला," त्या म्हणाल्या. "तिसरी गोष्ट बिघडायची वाट बघत मी औषध थांबवू का?" नंतरच्या काळात निकष थोडे सैल झाले आहेत, हेही त्यांनी सांगितलं: दोन जागी त्रास असेल आणि स्टेरॉइडनं तो हटला, तरी चालतं. दादाचा कान आणि गुडघा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत उतरले. ते उत्तर मला पटलं.

आता गोळ्या हळूहळू कमी होत आहेत. ठराविक काळानं जाऊन यंत्रात फुंकावं लागतं, श्वासनलिका मोकळी आहे ना ते बघायला. दादा ते कुस्तीसारखं घेतो. मागच्या वेळी तिथल्या मुलीला म्हणाला, "मोठं यंत्र न्हाय व्हय तुमच्याकडं?"

उजवा कान वरून थोडा खचलाय, तो तसाच राहणार. परवा तालमीत कुणीतरी पाहुण्यानं विचारलं, दोन्ही कान कुस्तीत मोडले का? मी दुचाकी लावून दारातच उभा होतो. दादा माझ्याकडं बघून म्हणाला, "डावा कुस्तीत. उजवा आजारानं. खोटं सांगायची सोय न्हाय, आमचा भाऊ हिशेबी हाय." मग हौद्याकडं वळून त्यानं एका पोराला अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या रस्त्यावरची माणसंही वळून बघायला लागली.

डॉक्टरांनी घसा जपायला सांगितलाय, हे मी त्याला घरी आल्यावर सांगितलं.