गोमुखापाशी वळणारे बाण

पुरातत्त्व खात्याचे साहेब गुणवंतराव पहिल्यांदा महादेवाच्या टेकडीवर चढले तेव्हा तरुण होते. दाढी गुळगुळीत, पँटला इस्त्री, डोक्यावर सोला हॅट. उतरले तेव्हा, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, दाढी छातीवर रुळत होती, बुटांना मुळं फुटली होती आणि मधल्या काळात देशाची एक पंचवार्षिक योजना सुरू होऊन संपली होती. एवढ्या अवधीत त्यांचा देवळाचा एक खांब पाहून झाला. तोही अर्धा, कारण उरलेल्या अर्ध्याला मुखरू टेकून उभा होता.

“सायेब, हे बाई दिसून राह्यली ना वरती,” मुखरू म्हणाला होता, “हे भीमाची सासू.”

“भीमाची सासू?” गुणवंतरावांनी विचारलं आणि तिथंच ते सापडले.

मुखरूच्या मते मात्र त्या दिवशी त्यानं नुसता घसा साफ केला होता. सासूच्या माहेरापर्यंतही गोष्ट पोचली नव्हती, तोच साहेब टेकडीवरून पळत सुटले. त्याला फार वाईट वाटलं.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. त्या जिल्ह्यात, सावलीच्या पुढं वैनगंगेच्या काठी चिचटोला नावाचं गाव होतं, गावामागं टेकडी होती आणि टेकडीवर काळ्या दगडाचं जुनं पडकं देऊळ. मुखरू तिथला चौकीदार. खात्यानं त्याला खाकी कोट, पितळी बिल्ला आणि एकच काम दिलं होतं, देवळात शेळ्या शिरू द्यायच्या नाहीत. ते तो चोख करी, कारण शेळ्या ऐकून घेत नसत. माणसांना मात्र तो हौसेनं आत घेई. खांबावरची तीच बाई सोमवारी भीमाची सासू असे, बाजाराच्या दिवशी चांद्याच्या राजाची पाटराणी होई, आणि ऐकणारा सूरजागडकडचा निघाला तर त्याच्याच गावची कोणी आत्या ठरे. खरं काय ते मुखरूलाही ठाऊक नव्हतं. त्यावाचून त्याचं कधी अडलंही नव्हतं.

अडायचं ते घरी. त्याची बायको भागीरथा कामाची बाई होती, आणि लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिनं निकाल लावून टाकला होता. “तुमी बोला, मी धान कांडतो,” असं म्हणून ती मुसळ उचले. मुसळापुढं भीमाच्या सासूचं काय चालणार? गावातले लोक तर त्याला लांबून पाहिलं की वाट बदलत. नदीवर डोंगा, म्हणजे नाव, चालवणारा इसरू म्हणे, “रेडिओले बटन तरी रायते बापा. याले देवानं काऊन नाई लावलं?”

म्हणजे जगात मुखरूचं ऐकायला उरले ते टेकडी चढून येणारे परके लोक. त्यांना इसरूचा डोंगा सुटेपर्यंत जायला दुसरी जागा नव्हती. तेवढ्या लोकांवर मुखरूचं पोट नसलं तरी जीव चालला होता.

एका महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला निघालेली नागपूरची मंडळी वाटेत टेकडीवर सहज म्हणून चढली. मंडळी मार्कंड्याला पोचली तेव्हा जत्रेतले पाळणे उतरवून बैलगाड्यांवर चढवणं चाललं होतं. तक्रार गुणवंतरावांकडं आली. त्यांना ती वाचायचीही गरज पडली नाही, त्यांच्या बुटांना ती पाठ होती.

त्यांनी एक नामी युक्ती काढली. देवळाभोवती सागाच्या फळ्या रोवायच्या आणि फळ्यांवर लाल रंगाचे बाण काढायचे. बाणामागं माणसानं चालावं, आपलं आपण पाहावं आणि मुकाट्यानं खाली उतरावं.

“पायऱ्यांपासून निघायचं, देवळाला पूर्ण फेरी, की परत पायऱ्या,” त्यांनी रंगाचा डबा हातात देत समजावलं. त्यांना स्वतःला सिरोंच्याला जायचं होतं. “आणि मुखरू, तू बोलायचं नाहीस.”

“बिलकुल नाई?”

“कोणी विचारल्याशिवाय नाही.”

“आन् विचारलं तं?”

गुणवंतराव मनानं मऊ होते. “विचारलं तर सांग. थोडक्यात.”

मुखरू फळ्या रोवू लागला. पहिली नंदीपाशी, मग दक्षिणेची भिंत, मग मागची बाजू, असं करत तो उत्तरेला गोमुखापाशी आला आणि कुदळ खाली ठेवून उभा राहिला. पिंडीवरचं पाणी त्या दगडी गोमुखातून बाहेर पडत होतं. महादेवाच्या त्या पाण्याची धार ओलांडायची नाही, हे चिचटोल्यात रांगणाऱ्या पोरालाही माहीत. तिथवर जायचं, आल्या वाटेनं मागं फिरायचं, नंदीवरून धारेच्या दुसऱ्या अंगाला यायचं आणि पुन्हा मागं फिरायचं. एवढं चाललं की महादेवाची फेरी पुरी होते. साहेब तर म्हणून गेले होते, पूर्ण फेरी. मुखरूनं पूर्ण विचार केला. एखादा नागपूरवाला धार ओलांडून गेला तर पाप बाणाचं, आणि बाण तर मुखरूचा. त्यानं बाण वळवला.

मग परतीच्या वाटेलाही बाण हवेच. ते त्यानं मन लावून काढले. काम झालं तेव्हा प्रत्येक भिंतीपाशी एक बाण जा म्हणत होता आणि दुसरा ये म्हणत होता.

त्यानंतर मुखरू पायरीवर तोंड मिटून बसला. हुकूम तो हुकूम. घरीही त्याच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा भागीरथेनं मुसळ थांबवलं. “अवो, जीव बरा हाये ना तुमचा?” तिनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता, म्हणून ती जास्तच घाबरली.

वर देवळाभोवती मूल गावचे एक गुरुजी मागावरच्या धोट्यासारखे इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरत होते. बराच वेळ फिरून ते घाम पुसत मुखरूसमोर आले. “काय हो भाऊ, आता कुठी जाचं?”

मुखरूच्या अंगावर काटा आला. विचारलं होतं!

“कुठी जाचं म्हनता? बसा. पांडव जवा वनवासाले निंगाले ना...”

त्या दिवसापासून टेकडीवर येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारू लागला. बाणांमुळं असं होईल हे मुखरूच्या डोक्यातही नव्हतं. पण झालं त्याला त्यानं महादेवाचा प्रसाद मानलं. प्रसादाला नको म्हणायची त्याला सवय नव्हती.

हिवाळ्यात जिल्ह्याचे मोठे साहेब आले. नदीच्या घाटापासून टेकडीपर्यंत सडक करायची की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. गुणवंतराव अभिमानानं म्हणाले, “साहेब, इथं कोणाची गरजच पडत नाही. फक्त बाण पाहायचे.”

साहेबांनी बाण पाहिले. ते गोमुखापर्यंत गेले, नंदीपर्यंत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. चौकीदाराला वाट विचारणं त्यांच्या हुद्द्यात बसत नव्हतं. गुणवंतरावांच्या ओठांवर “हे असे बाण का?” एवढा प्रश्न आला, पण प्रश्न विचारला की काय होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो गिळला. मुखरू पायरीवर बसून आशेनं एकदा याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं पाहत होता.

शेवटी साहेब वैतागले. “पलीकडं पायऱ्या दिसतायत की!” म्हणत त्यांनी धोतराचा सोगा वर धरला आणि गोमुखासमोर धार ओलांडायला पाय उचलला.

मुखरू ताडकन उठला. बोलावं तर हुकूम मोडतो, न बोलावं तर साहेब पापात पडतो. त्यानं मोठ्यांदा खोकायला सुरुवात केली. खोकला असा की शिखरावरचे पारवे उडाले.

पाय तसाच अधांतरी ठेवून साहेबांनी विचारलं, “काय रे, काय झालं?”

गुणवंतरावांनी डोळे मिटले.

“सांगतो सायेब,” मुखरू म्हणाला. “पाय खाली ठेवा, पन मागं. असाच एक राजा होता चांद्याचा, त्यानंबी असाच पाय उचलला...”

राजाचा पाय खाली यायला ऊन कलावं लागलं. मध्ये भीमाची सासू येऊन गेली, पाटराणी येऊन गेली. नदीवर इसरूनं हाका मारल्या, वाट पाहिली आणि डोंगा सोडला. साहेब चौथऱ्यावर बसले होते. एका जागी मुखरू श्वास घ्यायला थांबला, तेव्हा ते म्हणाले, “मग?”

“मग?” असं मुखरूला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच गोष्टीतलं पुढचं त्याला चटकन आठवेना.

साहेबांना त्या दिवशी चिचटोल्यातच मुक्काम करावा लागला. भागीरथेनं त्यांना भात आणि वांग्याची भाजी वाढली. नवऱ्याकडं पाहून ती पुटपुटली, “आज कोनी तं ऐकलं म्हना.”

या टेकडीवर चढलेला माणूस वेळेवर खाली येत नाही, असा शेरा साहेबांनी मारला आणि सडक दुसऱ्या घाटावरून काढायचं ठरलं. यात्रेकरू तिकडून जाऊ लागले. मुखरू आणखी दोन वर्षं चौकीदार होता. त्या काळात टेकडीवर शेळ्या तेवढ्या आल्या. एकोणसाठ साली तो निवृत्त झाला, आणि खात्यानं त्याच्याकडून कोट आणि बिल्ला परत घेतला.